बारा कप्प्यांचा डबा

सर्व्हरचा जुना रिकामा डबा घ्यायचा तर काय पाहून घ्यावा, असं मला कुणी विचारत नाही तेच बरं. मला ते तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं कळलेलं नाही. तरी मी तीन वेळा भंगारात जाऊन आलो, दोन डबे घरी आणले आणि त्या भानगडीत एक अख्खा महिना घालवला. तो महिना माझ्या मायचा होता.

तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. जालन्यात भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि माय हसनाबादहून आमच्याकडे राहायला आल्ती. तिच्या घशात गाठ झाली होती. औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गाठ काढायची तर स्वरयंत्रासकट काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनची तारीख महिनाभरानंतरची मिळाली.

माझी माय गाणारी बाई. आमच्या वस्तीत लग्न असो, बारसं असो की जयंती, तिच्याशिवाय पान हलत नसे. आणि गाणी कुणाची? तिची स्वतःची. दुसऱ्याच्या रानात खुरपताना रचलेली. वस्तीत पहिल्यांदा नळ आला तेव्हा तिनं नळावर गाणं केलं, रेशनच्या रांगेत तिच्या पुढच्या बाईपर्यंत येऊन साखर संपली तेव्हा त्या रांगेवर केलं. अक्षराची ओळख नाही, त्यामुळे कागदावर एक ओळ नाही. जे होतं ते सगळं तिच्या गळ्यात.

नोकरी लागल्यावर मी टेपरेकॉर्डर घेतला आणि जमेल तसं तिचं गाणं भरत गेलो. मधेच बायांचं हसणं, कोंबडी, कुणाचं तरी रडणारं पोर, सगळं त्यात. पुढं कॅसेटींना बुरशी यायला लागली तेव्हा मी जुना कॉम्प्युटर घेऊन ते सारं त्यात उतरवलं. टेपरेकॉर्डर त्यानंतर मेला. सीड्या करून ठेवल्या होत्या, त्या वर्षभरात वाचेनाशा झाल्या. राहिली एक हार्ड डिस्क. आणि मायच्या गाठीचं कळलं त्याच आठवड्यात ती डिस्क आतून टक टक करायला लागली.

डिस्क टकटक करते म्हणजे ती जाणार, एवढं मला माहीत होतं. पुढचं इंटरनेटवर वाचलं. तीन-चार डिस्क एका मोठ्या डब्यात बसवायच्या, प्रत्येक गाणं दोन ठिकाणी ठेवायचं, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरी राहते. माझ्या कॉम्प्युटरच्या टीचभर डब्यात हे होणार नव्हतं. दुसरी डिस्क जोडली की तो बंद पडायचा. नवा सर्व्हर घ्यायची माझी ऐपत नव्हती, पण जुना डबा मिळेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. जालन्यात सळई ओतणाऱ्या भट्ट्या आहेत, आणि त्या भट्ट्यांसाठी कुठल्या कुठल्या शहरांतून ट्रक भरून भंगार येतं. बँकांचे, कंपन्यांचे फेकलेले सर्व्हरसुद्धा.

मायला मी हे समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी अजून तीन राह्यलेत, भाऊ. ती भरून घे आधी."

"कोणती तीन?"

"घेशील तवा कळंल. एक तुझ्या बापावर हाय. ते तुझ्या बायकोसमोर न्हाई म्हणायची मी."

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "मी दळणाला जाते तेव्हा म्हणा, आत्याबाई!"

मी म्हटलं, "माय, भरू कुठं? त्या मरायला टेकलेल्या डिस्कवर? आधी डबा येऊ दे."

माझं म्हणणं चुकीचं होतं का? मला आजही सांगता येत नाही. तेव्हा तर ते इतकं बरोबर वाटलं की मी लगेच चप्पल घालून निघालो.

भंगाराच्या यार्डाचे मालक होते त्यांना सगळे मामू म्हणत, मीही म्हणत असे. त्यांनी मला एका कोपऱ्यात नेलं. तिथं दोन डबे बाजूला काढून ठेवलेले होते. एक चपटा, लांबलचक, समोर डिस्कसाठी बारा कप्पे. दुसरा उंच, आठ कप्प्यांचा, पत्रा असा जाड की उचलताना माझी कंबर धरली. मी दोन्ही उघडून पाहिले. आत वायरी, पट्ट्या, बारके पंखे. कोणत्या वायरीचं काय, मला ओ की ठो कळेना.

"मामू, यातला चांगला कोणता?"

"मास्तर, दोनों लोहा है. तौल के ले जाओ."

मी दोन्हींची मापं वहीत लिहून घेतली, "दोन दिवस ठेवा, सांगतो" म्हणालो आणि घरी आलो.

खरा गोंधळ तिथून सुरू झाला. इंटरनेटवर या डब्यांची उंची 'यू' मध्ये सांगत. दोन यू, तीन यू, चार यू. मला आधी वाटलं हे कंपनीचं नाव असावं. मग कळलं, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. अरे, मग सरळ इंचात सांगायला यांच्या बापाचं काय जात होतं? मी सायबर कॅफेत बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. एकानं लिहिलं, चपटा घेऊ नका, पंख्यांनी कान जातील. दुसऱ्यानं लिहिलं, उंच घेऊ नका, जुन्या काळचा आहे. तिसऱ्यानं मलाच विचारलं, तुमच्या घरात सर्व्हरसाठी वेगळी खोली नाही का? मी दोन खोल्यांतली वेगळी खोली डोळ्यासमोर आणून पाहिली आणि कॉम्प्युटर बंद करून घरी आलो.

घरी आलो की माय विचारी, "झाला का तुझा डबा?"

"पाहून राह्यलोय."

"डबाच हाय ना? का पोरगी पाहून राह्यला?"

मी चिडायचो. हिला काय कळतंय, असं वाटायचं. मला तरी काय कळत होतं! रोज सकाळी उंच डबा बरोबर वाटायचा आणि शाळा सुटेपर्यंत चपटा. दोन दिवसांचे नऊ दिवस झाले.

दहाव्या दिवशी चपटा घ्यायचं ठरवून गेलो. पाहतो तर त्याच्या झाकणाला मुठीएवढं भोक, कडा काळ्याठिक्कर. मी तसाच मामूंकडं गेलो.

मामूंनी उलट मलाच झापलं. "तुम दो दिन बोल के गए थे. मेरे आदमी ने बंद डब्बा देखा, मार दिया छेद."

भट्टीत बंद वस्तू गेली की आतली हवा तापून ती फुटते, माणसं भाजतात. म्हणून यार्डात बंद दिसेल त्याला गॅसकटरनं भोक पाडायचं, हा तिथला नियम. जालन्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? मला ठाऊक होतं. फक्त माझ्या डब्याला ते लागू होईल असं वाटलं नव्हतं. माझा म्हणजे तरी काय, मी घेतलाच कुठं होता.

रागारागात उंच डबा तोलून घेतला, रिक्षात घातला आणि घरी आणला. माय दारात येऊन त्याला हात लावून गेली. म्हणाली, "कपाटच हाय की." मी डिस्क काढली, कप्प्यात सरकवली. ती आत गेली आणि तिथंच थांबली. मागच्या पट्टीवरचं सॉकेट वेगळंच होतं. रुंद, जुन्या पद्धतीचं. मी उंची पाहिली, वजन पाहिलं, गंज पाहिला, कुलूप लागतं का तेसुद्धा पाहिलं. डिस्क जिथं टोचायची ते भोक तेवढं पाहिलं नाही! दोन्ही डबे एकाच रांगेत होते, दोन्हींत डोकावलो होतो, तरी नाही.

मग आठवडा गेला जोडणारं काहीतरी शोधण्यात. औरंगाबादच्या दुकानदारानं फोनवर "मिळेल, मिळेल" करत शेवटी न्हाईच म्हणून सांगितलं. बायकोनं एकदाच तोंड उघडलं. "साडी घ्यायला मी एवढे दिवस लावले असते तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं." ती बरोबर होती.

तिसऱ्यांदा यार्डात गेलो तर भोक पाडलेला चपटा तिथंच होता. त्यातलं सॉकेट माझ्या डिस्कला चपखल बसत होतं. भोक फक्त झाकणाला, आत कशाला धक्का नाही. म्हणजे ज्या दिवशी ते भोक पाहून मी हाय खाल्ली, त्या दिवशीही तो घेण्यासारखाच होता. मला रडावं की हसावं कळेना.

तो घरी आणून कॉम्प्युटरला जोडला, दोन नव्या डिस्क बसवल्या, तिसरी ती टकटकणारी. लोडशेडिंगचा घोर नको म्हणून मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून इन्व्हर्टरला लावली. बटण दाबलं आणि पंखे असे काही ओरडले की शेजारची बाई विचारायला आली, गिरणी टाकली का काय. दोन्ही खोल्यांत कुठंही बसा, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखंच. पण गाणी उतरायला लागली. फार हळू. डिस्क थांबायची, टकटकायची, पुन्हा चालायची. पडद्यावर उतरलेल्या गाण्यांचा आकडा तासाला एकेकानं पुढं सरकत होता, आणि एकदा बंद केलं तर ही पुन्हा सुरू होईल याची काही शाश्वती नव्हती.

त्याच दिवशी दुपारी माय अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून खाटेवर येऊन बसली. ऑपरेशनला अजून आठ दिवस होते.

"घेतो का आता?" तिनं विचारलं. तिचा आवाज तोवर चिरका झाला होता, पंख्यांपुढं तो मला नीट ऐकूही आला नाही. तिनं पुन्हा विचारलं.

मी ओरडून सांगितलं, "माय, दोन दिवस थांब! हे बंद केलं तर जुनी सगळी जातील!"

ती डब्याकडं पाहत राहिली. "किती मोठ्यानं बोलून राह्यलं रे हे. अन् मला डागदर म्हणतो बोलू नको." मग म्हणाली, "बरं. जुनी वाचव आधी. ही कुठं पळून राह्यली?"

शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग होत असे. मला ते माहीत होतं. त्याच्या ओट्यावर नेऊन बसवली असती तर अर्ध्या तासाचं काम. पण मोबाइलमधला आवाज घशात कापूस घातल्यासारखा यायचा, म्हणून मी नाक मुरडलं होतं. नीट भरायचं, चांगल्या माइकवर, शांत घरात, दोन दोन डिस्कवर. माझ्या डोक्यात हे असं पक्कं बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. आमच्या आधीचा एक पेशंट आला नव्हता, खाट रिकामी होती, परवा ऑपरेशन होईल, उद्या सकाळी भरती करा. गाठ वाढून राह्यली आहे, उशीर नको. मी हो म्हटलं. कोण नाही म्हणेल? पडद्यावरचा आकडा तेव्हा अर्ध्याच्या जरा पुढं होता.

सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. बायको घरी मशीनजवळ थांबली. बदनापूरच्या पुढं माय माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी गुणगुणायला लागली. मी म्हटलं, "माय, घशाला ताण देऊ नको. उद्या ऑपरेशन आहे." ती गप्प झाली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. ते गाणं होतं की नुसतंच काही बोलत होती, हे मी तिला विचारलं नाही. मी आकड्याचा विचार करत होतो.

जुनी गाणी सगळी वाचली. एकही गेलं नाही, प्रत्येक दोन ठिकाणी आहे. महिनाभरानं माय घरी आली, गळ्याला भोक, त्यावर पांढरी पट्टी. जीव वाचला, खरंच वाचला, पुढं ती चांगली वर्षं जगली. बारा कप्प्यांपैकी नऊ रिकामेच राहिले. राहिलेल्या तीन गाण्यांबद्दल मी तिला काही विचारलं नाही आणि तिनंही खूण करून कधी काही दाखवलं नाही. मला वाटायचं ती विसरली. किंवा तिला राग आलाय. तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही खरं वाटायचं.

थंडीत डब्याच्या मागून गरम हवा येई, म्हणून ती तिथं पोतं टाकून बसायची. एका दुपारी मी शाळेतून आलो तर ती तशीच बसली होती, डोळे मिटलेले, बोटांनी मांडीवर ठेका चाललेला आणि ओठ हलत होते. तिची गाणी मला पाठ आहेत. कोणत्या ठेक्यावर कोणतं, मी झोपेतून उठूनही सांगेन. हा ठेका त्यांतला नव्हता.

मी तिच्यासमोर खाली बसलो. "माय, राह्यलेल्यांतलं का?"

तिनं डोळे उघडले, मान हलवली, माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि नुसत्या ओठांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. मी तिच्या ओठांकडं पाहत होतो. एक शब्द लागेना. पंख्यांचा आवाज फार येत होता. मी घाईघाईनं उठलो आणि नीट ऐकू यावं म्हणून मशीन बंद केलं.