धाकटी रडते की नाही

पत्र्याच्या पेट्या बनवणारा तो माणूस मुळातच शंकेखोर. नवा पत्रा घ्यायला गेला तर विकणाऱ्याच्या नाकासमोर तो वाकवून बघणार, उलटा करणार, उजेडाला धरणार, आणि तरी घरी येईपर्यंत पुटपुटणार, की फसवलं की काय मेल्याने. गिऱ्हाइकाने पेटीची तारीफ केली तर ह्याला वाटायचं, आता हा भाव पाडून मागणार. नाही केली तर वाटायचं, बाहेर जाऊन नावं ठेवणार. त्याची आई म्हणायची, हा जन्मला तेव्हा सुइणीकडेसुद्धा संशयाने बघत होता.

असा हा पेटीवाला दुसऱ्यांदा बाप झाला. थोरली मुलगी पाचएक वर्षांची होती. धाकटी दिवस भरायच्या आधीच आली, मुठीएवढी. नर्सने बाहेर येऊन सांगितलं की मुलगी झाली, आणि तिला पेटीत ठेवलंय. पेटीत म्हटल्याबरोबर ह्याच्या पायाखालची जमीन सरकली. आयुष्यभर पेट्या बनवल्या, पण त्यात माणूस ठेवल्याचं कधी ऐकलं नव्हतं. मग काचेची ती उबदार पेटी दाखवली, आत लाल लाल जीव हातपाय हलवत होता. जीव थोडा भांड्यात पडला, तर ह्याची नजर गेली पेटीच्या झाकणाकडे. म्हणतो कसा, बिजागरी ढिली आहे. नर्स हसली आणि म्हणाली, सगळं छान आहे. जाताना पुन्हा म्हणाली, सगळं छान आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, त्याही तेच म्हणाल्या. झालं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. खरंच छान असलं तर एवढ्या वेळा सांगायला कशाला लागतं?

घर म्हणजे पुढे कारखाना आणि मागे एक मोठी खोली. कारखान्यात दिवसभर ठोकठोक, कडा वळवायच्या, कोपरे बसवायचे, रिबिटा मारायच्या. मागच्या खोलीत चूल, बिछाने, आणि दाराच्या आडोशाला पाळणा. मधलं दार लावलं तरी पत्र्याचा आवाज काही दार बघून थांबत नाही. त्या घरातली माणसं जेवतानासुद्धा एकमेकांशी ओरडून बोलायची आणि पाहुण्यांना वाटायचं, भांडण चाललंय.

धाकटी घरी आली तेव्हा अंगावर थोडी पिवळी झाक होती. सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायला सांगितलं होतं. ते काम पेटीवाल्याने आपल्याकडे घेतलं. दुसऱ्या कोणी नीट धरलं नाही तर? एका खिडकीशी धरून रंग बघायचा, मग दुसऱ्या खिडकीशी नेऊन ताडून बघायचा. पिवळेपणा गेला असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा तो म्हणाला, तुमच्या दिव्याचा उजेड पांढरा आहे, त्यात मीसुद्धा गोरा दिसतो. वजनाचंही तसंच. दवाखान्याच्या काट्यावर विश्वास नाही म्हणून घरी भंगार मोजायच्या काट्यात मऊ गोधडी अंथरून तिला ठेवलं. बायको कपाळाला हात लावून बघत राहिली. वजन दवाखान्यातल्याएवढंच भरलं. मग त्याला आपल्या काट्याचा संशय आला.

पोर मात्र बाळसं धरत होती. दूध पिताना बोट घट्ट पकडायची. एकदा ती त्याच्याकडे बघून हसली, तर हा म्हणाला, पोटात वायू झाला असेल. बायको म्हणाली, तुमचं तोंड बघून हसली, त्याला वायू कशाला लागतो? पण त्या दिवशी पेटीवाल्याने चुकीच्या बाजूने कुलपाचं भोक पाडलं आणि एका पेटीचा पत्रा वाया घालवला, तेव्हा वायूचं काय ते त्याला मनातून ठाऊक असणार.

मग सुरू झालं ते रडण्याचं प्रकरण.

थोरली लहान होती तेव्हा रडून घर डोक्यावर घ्यायची. हातोडीच्या वरताण तिचा सूर. ही धाकटी रडतच नाही, असं पेटीवाल्याच्या ध्यानात आलं. तोंड उघडायची, चेहरा लालबुंद करायची, पण आवाज कसला तो, दुरून पाखरू बोलल्यासारखा, तोही धड नाही. त्याने बायकोला विचारलं, ही रडत का नाही? बायको म्हणाली, आत्ताच तर अर्धा तास रडून निजली, सगळी आळी जागी केली तिने. पेटीवाला तर तिथेच, दाराच्या अलीकडे बसून काम करत होता. त्याने काहीच ऐकलं नव्हतं. म्हणजे बायको खोटं बोलत होती.

आता बायको उगीच खोटं कशाला बोलेल? काहीतरी लपवायला. दवाखान्यात त्या सगळ्या छान-छान करत होत्या, त्यांनी हिला काहीतरी सांगितलं असणार आणि वर बजावलं असणार, की नवऱ्याला सांगू नका, तो आधीच तसला. ह्या विचाराने त्याची जेवणावरची वासनाच उडाली. आईला बाजूला घेऊन विचारलं. आई म्हणाली, अरे रडते की, चांगली टाहो फोडते. म्हणजे आईसुद्धा सामील.

आणि एकदा संशय आला की काय, सगळीकडे पुरावेच दिसतात. तो मागच्या खोलीत शिरला की सासू-सुनेचं बोलणं एकदम बारीक व्हायचं. ओठ हलताना दिसायचे, शब्द नाहीत. काय कुजबुजताय म्हणून विचारलं, तर दोघी एकमेकींकडे बघायच्या. थोरली कानाशी येऊन काहीतरी सांगायची आणि ह्याला फक्त तिचा गरम श्वास लागायचा. गिऱ्हाइकंही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. सगळ्या आळीला धाकटीचं काय ते माहीत झालंय आणि सगळे आपल्याला चुकवून बोलतायत, अशी त्याची खात्रीच पटली.

धाकटी मान धरायला लागली होती, पाळण्यातल्या लाकडी पोपटाकडे टकमक बघायची, त्या सुमाराची गोष्ट. पेटीवाल्याच्या डोक्यात एक भयंकर विचार आला. जी पोर रडत नाही, ती ऐकते तरी का? दुपारची वेळ, धाकटी निजलेली. त्याने एका मोठ्या पेटीचं झाकण उचललं, पाळण्यापासून दोन पावलांवर नेलं आणि फरशीवर सोडून दिलं.

आईच्या हातातलं पातेलं पडलं. बायको धावत आली. थोरली रडायला लागली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. धाकटी ढिम्म. एक पापणी हलली नाही.

बायको त्याच्या अंगावर धावून गेली, वेड लागलंय का तुम्हाला? त्याने नुसतं पाळण्याकडे बोट दाखवलं. बायकोने पाळण्याकडे बघितलं, मग पडलेल्या झाकणाकडे बघितलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

आईने समजावून पाहिलं. म्हणाली, पोटात असल्यापासून हिच्या कानावर हेच पडतंय. पत्रा हा हिच्यासाठी आवाजच नाही, ती अंगाई आहे. दुपारी तू जेवायला हात धुतोस ना, काम थांबतं, तेव्हा ती दचकून उठते, बघ कधीतरी. पण सामील झालेल्या माणसाचं ऐकतो कोण? आणि आता बायकोलाही घोर लागला. ती टाळ्या वाजवून बघू लागली, चमचा आपटून बघू लागली. कधी पोर वळायची, कधी नाही. दिवसभर घराला धड जेवण नाही की झोप नाही.

शेवटी सगळं बिऱ्हाड कान तपासायच्या दवाखान्यात गेलं, आजी सोडून. तिथल्या तपासनीसबाई जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. पेटीवाल्याला ते बरं वाटलं, ह्या छान-छान म्हणाल्या नाहीत. धाकटीला आईच्या मांडीवर बसवलं. पेटीवाला समोर उभा, हाताची घडी घालून, काही लबाडी होते का बघत.

बाईंनी आधी पाठीमागून एक लहानसा ढोल वाजवला. ढबढब त्याला ऐकू आली, धाकटीने मान वळवली. तो म्हणाला, हवेचा झोत लागला असेल. बाईंनी लांबून वाजवला. ती पुन्हा वळली. मग त्यांनी एक छोटी घंटा घेतली आणि धाकटीच्या डाव्या कानामागे धरून हलवली. धाकटी अंगठा चोखायची थांबली आणि डावीकडे बघायला लागली. उजवीकडे हलवली, ती उजवीकडे बघायला लागली. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पेटीवाल्याचा पारा मात्र चढला. म्हणाला, "बाई, आम्ही अडाणी आहोत, आंधळे नाही. ती तुमचा हात बघून वळते. घंटा वाजवा तरी."

बाई म्हणाल्या, "वाजवतेय."

"कुठे वाजवताय? नुसती हलवताय. आतला लोलकच काढून ठेवलाय तुम्ही."

थोरली आईच्या पदराआडून बापाकडे बघत होती. तपासनीसबाई त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, मग उठून चालत चालत त्याच्या पाठीमागे गेल्या. तो वळायला लागला तर त्यांनी खांद्याला हात लावून त्याला तसंच उभं ठेवलं. तो उभा राहिला. काहीतरी होईल म्हणून वाट बघत राहिला. काही झालं नाही.

पण समोर धाकटीने मान उचलली. तिची नजर त्याच्या उजव्या खांद्यामागे गेली. मग हळूच सरकत डाव्या खांद्यामागे गेली. पुन्हा उजव्या. तिचे डोळे एखादी माशी उडताना बघावी तसे फिरत होते. बाई मागे होत्या, त्यांचा हात त्याच्याच अंगाआड लपलेला, पोरीला दिसायची काही सोय नव्हती.

थोरली म्हणाली, "बाबा, घंटा किती वेळा वाजली. तू ओ का देत नाहीस?"

पेटीवाल्याचा हात आपोआप कानाकडे गेला आणि अर्ध्यावरून खाली आला. सगळ्यांना वाटलं, आता हा भांडणार. तो बायकोकडे बघून इतकंच म्हणाला, "म्हणजे हिला ऐकू येतं."

"हिला सगळं येतं," बायको म्हणाली. मोठ्याने, सावकाश, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली.

मग बाईंनी त्यालाच खुर्चीवर बसवलं. जाड आवाज त्याला ऐकू येत होते, बारीक आवाज केव्हाच निघून गेले होते. आयुष्यभर उघड्या कानांनी पत्रा ठोकला की असं होतं, गेलेले सूर परत यायचे नाहीत, पण आता कान झाकून काम केलं तर उरलेले टिकतील, असं त्यांनी सांगितलं. कानात घालायच्या यंत्राचंही सांगितलं. पेटीवाल्याने विचारलं, यंत्र खरं तेच ऐकवतं कशावरून? बाई पहिल्यांदा हसल्या.

घरी आल्यावर आईला कळलं. तो तिच्यावर उखडला, की एवढं होतं तर मला कोणी सांगितलं का नाही? आई म्हणाली, "वर्षभर सांगतेय, कान दाखवून ये. तू म्हणायचास, कुजबुजू नका."

त्यानंतर त्याच्या कानावर कापसाच्या गाद्यांची मुसकी दिसू लागली, आणि गिऱ्हाइकांना तो मोठ्याने बोला म्हणून बजावू लागला, तेही त्यांनी आडून नावं ठेवू नयेत म्हणून. यंत्र मिळायला वेळ होता.

तेवढ्यात धाकटी हसली. म्हणजे नुसतं तोंड पसरून नव्हे, आवाज काढून. पेटीवाला तिला पोटावर घेऊन बसला होता, तिने त्याच्या मिशीला हात लावला आणि एकदम तिचं पोट उडायला लागलं, हिरड्या दिसायला लागल्या. त्याच्या पोटाला तिचं पोट लागून हलत होतं. आवाज नाही. चुलीशी बसलेली बायको मात्र गर्रकन वळली, म्हणजे आवाज झालाच होता.

त्याने विचारलं, कशी हसली? बायको अडखळली. असं सांगायची वेळ कधी आली नव्हती. मग म्हणाली, बारीक तोंडाच्या तांब्यातून पाणी ओतल्यासारखी. त्याने मान हलवली. थोड्या वेळाने थोरलीला कारखान्यात बोलावून तिला वेगळं विचारलं. ती म्हणाली, उचकी लागल्यासारखी, आणि करूनही दाखवली.

दोघींच्या सांगण्यात काही मेळ बसेना. दुसरं काही असतं तर त्याने तिथल्या तिथे दोघींना समोरासमोर उभं केलं असतं. त्याने हातातली कात्री बाजूला ठेवली, हात पुसले, आणि धाकटीला कडेवर घेऊन आईकडे गेला, तिचं काय म्हणणं पडतं ते विचारायला.