शांतामावशीला मी परत फिरवलं

शाहपूरच्या शांतामावशीला मी परत फिरवलं. चार वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, बसस्टँडवर. बुऱ्हाणपूरच्या गाडीत तिचा एक पाय चढलासुद्धा होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — ज्या संघटनेची पत्रकं मी लिहितो तिच्यात नाही, घरीही नाही.

'गरिबाची हाडं, डॉक्टरांचा जुगार' — बुऱ्हाणपूरच्या लालबागपासून शाहपूरपर्यंत भिंतींवर हे पत्रक तुम्ही वाचलं असेल. ते माझं. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान होता!

मावशी ट्रकमध्ये केळीचे घड भरायची. फळीवरून घसरली, नडगीचं हाड मोडलं. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात तेव्हा एक चाचणी चालू होती. मोडलेल्या हाडात आतून सळई घालायची, की वरून धातूची पट्टी ठेवून स्क्रू कसायचे? दोन्ही ऑपरेशनं आधीपासून होतच होती. पण कशानं माणूस लवकर नि नीट चालायला लागतो, हे कुणीच ठाम सांगू शकत नव्हतं. म्हणून बंद पाकीट उघडायचं, आत निघेल ते ऑपरेशन करायचं, आणि मग वरचेवर बोलावून पाय तपासायचा.

मला हे कसं माहीत? — नर्सनं मावशीला समजावलं तेव्हा संघटनेतर्फे सोबतीला म्हणून मी खाटेशीच बसलो होतो. तिनं दोनदा सांगितलं, नको असेल तर नाही म्हणा, इलाज तरीही होईल. मावशी हसली. "दोन जावयांत कोनता बरा, ते लगन झाल्याबिगर कळते का? उघड बाई पाकीट!" पट्टी निघाली.

आणि मी काय छापलं? 'न सांगता, लॉटरी काढून ऑपरेशन.' लॉटरी खरी. 'न सांगता' हे मी घातलं. त्याच्याशिवाय पत्रक पेटत नव्हतं. आमच्यात शिकवतातच — एका पानावर एकच गुन्हेगार, आणि वाचणाऱ्याला थांबून विचार करायला जागा ठेवायची नाही. राग खोटा नव्हता. दवाखान्यात गरिबावर कसं खेकसतात ते मी लहानपणापासून बघत आलोय. पण ती नर्स खेकसली नव्हती. मला माहीत होतं.

गल्लीतली पोरं मावशीला चिडवायला लागली — "मौसी, इनाम लगा क्या?" ती शरमली. तपासणीला जाणं टाळायला लागली. मला तो विजय वाटला. विजय!

मग ती दुपार. ऑपरेशनच्या टाक्यांजवळून पाणी येत होतं. तिनं लुगडं जरा वर करून दाखवलं — लाल, ताणलेली कातडी. "भाऊ, एकडाव दाखवून येते ना. लई ठणकते."

मी म्हणालो, "जा. प्रयोगाचा उंदीरच व्हायचं असेल तर जा." मोठ्यानं, चारचौघांत. कंडक्टर हसला. तिनं पाय खाली घेतला.

पू हाडापर्यंत गेला. शेवटी पट्टी काढावी लागली. पाय आखूड झाला, घोटा वळेनासा झाला. घड उचलणं कायमचं सुटलं.

एवढंच असतं तर — तर मी बहुतेक गप्पच राहिलो असतो. पण मी त्या पायाचा फोटो काढला. दुसऱ्या पत्रकावर छापला आणि खाली लिहिलं, 'प्रयोगाचं फळ.' समजतंय ना? पाय बिघडवला मी, आणि नाव लावलं त्यांचं. लोक बिथरले, चाचणीत यायला कुणी तयार होईना, ती बंद पडली. सळई बरी की पट्टी — आपल्याकडे अजून कुणाला सांगता येत नाही.

मावशी आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "या भाऊनंच आवाज उठवला माझ्यासाठी." मी गेलो की चहा टाकते. मी पितो. हे छापायला देण्याआधी तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या. पण माझं पत्रक वाचून तुमच्या घरात कुणी ऑपरेशननंतर दाखवायला जाणं सोडलं असेल — सळई असो, पट्टी असो — त्याला उठवा. आजच दवाखान्यात न्या. वाटेत मी आडवा आलो, तर मला ढकलून पुढे जा.