होम प्लेटमागचे आप्पा

निळ्या पडलेल्या नखांचे दोन हात गुडघ्यांवर टेकवून आप्पा माझ्या पाठीमागे वाकलेले आहेत — बालपण म्हटलं की आधी हेच आठवतं. लिंबायतच्या आमच्या एका खोलीत, पलंग आणि ओट्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मी कॅचर होऊन उकिडवी बसायचे, आई दारातून मोज्यांचा गोळा फेकायची, आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या बेसबॉल सामन्यांत पंच होणारे आप्पा होम प्लेटमागे, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीशी, कसं उभं राहावं ते शोधत असायचे; चेंडू गुडघ्याच्या वर आला की खाली, हे वाकल्याशिवाय नीट दिसत नाही. कधी पाय फाकवून, कधी एक पाय मागे सरकवून, कधी गुडघा टेकून... पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या गिरणीत, वर्षानुवर्षं ओल्यात उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते. बसणं कसंबसं जमे, उठताना पलंगाची कड धरावी लागे. अंगाला मुरलेला रंगाचा तो उग्र, ओलसर वास फोडणीच्या वासातूनही वेगळा यायचा. पंच होणं हाच त्यांच्या आयुष्यातला एकमेव तोरा, आणि तो जाऊ नये म्हणून ही सगळी धडपड.

एका हिवाळ्यात नेमलेला पंच आलाच नाही, म्हणून माझ्याच सामन्यात आप्पांना उभं केलं. मला मागचं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं — सुरुवातीला त्यांचा श्वास माझ्या कानाशी होता, मग डोक्यावर, मग आणखी वर... आप्पा हळूहळू सरळ होत चालले होते, आणि मला काहीच करता येत नव्हतं. समोरच्या संघाच्या शेवटच्या मुलीला टाकलेला शेवटचा चेंडू तिच्या गुडघ्याच्या बराच खाली, म्हणजे स्ट्राइक न धरण्याजोगा, आला. मी तो जवळजवळ धुळीतूनच उचलला.

“स्ट्राइक!” आप्पा ओरडले. ती बाद झाली, आम्ही जिंकलो. ती बॅट धरून माझ्याकडे नुसती बघत राहिली.

परतताना रिक्षात आप्पांनी हळूच विचारलं, “बेटा, बॉल खाल व्हता ना?”

त्यांचा चेहरा मला बघवेना. “नही आप्पा, बराबर व्हता.”

त्यांनी विश्वास ठेवला; उभं राहूनही नीट दिसतं, असं धरून चालले. त्यानंतर ते वाकेनासेच झाले, ताठ उभे राहून निकाल देऊ लागले. चुका वाढल्या, कुजबुज झाली, आणि दोन-तीन सामन्यांनंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी निदान गुडघा टेकून पाहिलं असतं.

आता आप्पा खाटेवरच असतात. माझी मुलगी जवळ बसली की तिला सांगतात, “उभा राहीसनबी बराबर दिखस. तुनी मायनीच सांगेल शे.”

“साची वात, मम्मी?” खरंच का, असं ती तिच्या गुजरातीत विचारते.

मी हो म्हणते.