आवडलं का? एक ते पाच सांगा

आमच्या धंद्यात उत्तरं पुण्याला जातात आणि किस्से इथंच राहतात. टॅबवर सगळ्यात खाली 'इतर' नावाचा एक रकाना असतो. त्यात दीड ओळ लिहिली की तो लाल होतो. माणसं काही दीड ओळीत बोलत नाहीत! मग उरलेलं कुठं ठेवायचं? ते आम्ही जीपमध्ये एकमेकांना सांगतो, टपरीवर चहा पिताना सांगतो, आणि तरी उरतंच.

काम ऐकायला सोपं आहे. कुठलीतरी कंपनी नवी वस्तू बनवते. ती बाजारात आणायच्या आधी लोकांना आवडेल का, वापरता येईल का, घेतील का, हे आम्ही गावोगाव जाऊन विचारतो. आम्ही म्हणजे तिघं. कदम सर सुपरवायझर, पूर्वी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. शकीलभाई जीपही चालवतात आणि फॉर्मही भरतात. तिसरी मी, ज्योती. धाराशिवात खताच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तेच ऑफिस. प्रश्न पाठवणाऱ्या मॅडम पुण्याला असतात.

माझी आई इतकी वर्षं झाली तरी शेजारणींना सांगते, "आमची ज्योती इचारायला जाती." काय विचारायला, हे तिला माहीत नाही. खरं सांगू? कधी कधी मलाही नसतं!

*

बेंबळीला गेलो होतो. वस्तू होती एक मोबाइल ॲप. सोयाबीनच्या पानाचा फोटो काढला की रोग कोणता ते सांगणार. भगवानराव नावाच्या शेतकऱ्यानं ते महिनाभर वापरलं होतं. मी ओसरीवर बसून प्रश्न वाचायला लागले.

"हे ॲप वापरायला सोपं आहे. पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, की पूर्णपणे असहमत?"

"सहमत."

"या ॲपमुळं माझं काम लवकर होतं."

"सहमत."

"या ॲपच्या सल्ल्यावर माझा विश्वास आहे."

"सहमत. च्या घ्या."

सगळ्या प्रश्नांना सहमत! मला शंका आली. म्हटलं, "काका, पटत नसेल तर असहमत म्हणा की. आम्हाला राग येत नाही."

"असं कसं? तुमी एवढ्या उन्हाचं आलाव. घरी आलेल्या माणसाला असहमत म्हनत्यात व्हय?"

मी फॉर्म पूर्ण केला आणि पाठवून दिला. टॅब पिशवीत ठेवल्यावर भगवानराव खुर्ची पुढं ओढून बसले.

"झालं का सरकारी काम?"

"सरकारी नाही हो. पण झालं."

"मग आता खरं सांगू का? ते ॲप सगळ्यालाच तांबेरा म्हनतंय. म्या माझ्या चपलीचा फोटो काढला, तर तिलाबी तांबेरा!"

पुण्याच्या अहवालात बेंबळी अजून हिरव्या रंगात आहे.

*

सहमत-असहमतनं गोंधळ होतो म्हणून मॅडमनी पाच तोंडं पाठवली. पहिलं रडकं, शेवटचं खदखदून हसणारं, मधे तीन. वाचता न येणाऱ्यालाही बोट ठेवता येईल, असा विचार.

लोहाऱ्यात एका घरी आम्ही उन्हावर चालणाऱ्या शेगडीबद्दल विचारत होतो. घरातल्या काकूंना तोंडांचा कागद दाखवला आणि म्हटलं, "शेगडी बघून तुम्हाला कसं वाटलं? यातलं तुमचं तोंड कोणतं?"

काकूंनी कागद लांब धरला, जवळ धरला. मग मधल्या तोंडावर बोट ठेवलं.

"ही आमची धाकली सून."

"तसं नाही काकू..."

"न्हाय कसं? अगदी अशीच बसती, हूं न्हाय की चूं न्हाय. अन् हे हसतंय ते आमचं जावई. काम न्हाय, धंदा न्हाय, नुसतं हसतंय."

तेवढ्यात जाऊबाई आल्या, शेजारीण आली. कागद हातोहात फिरला. प्रत्येक तोंडाला माणूस मिळाला. धाकटी सून दारात उभी होती, ती तर पोट धरून हसत होती, म्हणजे तिचं तोंड आधीच बदललं होतं!

कसंबसं सगळ्यांना गप्प करून मी विचारलं, "काकू, शेगडी घेतली तर कसं वाटंल? तेवढंच सांगा."

काकूंनी विचार केला आणि दोन्ही हातांची दोन बोटं ठेवली. एक खदखदून हसणाऱ्या तोंडावर, एक रडक्यावर.

"घेतली तर माझं असं व्हईल, अन् आमच्या मालकाचं असं."

टॅब एकच तोंड घेतो. मी अर्धा तास तिथंच बसून होते.

*

शकीलभाईंचा किस्सा छोटा आहे, पण ते तो दर आठवड्याला सांगतात.

जीपथांब्यावर एका शिंप्याला त्यांनी शिलाई मशीनची नवी मोटर दाखवली. मग नेहमीचा प्रश्न विचारला. "ही मोटर घ्या असं तुम्ही तुमच्या दोस्ताला सांगाल का? शून्य ते दहा आकडा द्या."

"धा!" शिंपी लगेच म्हणाला.

शकीलभाई खूश. सहसा कुणी दहा देत नाही. "इतकी आवडली?"

"आवडली का न्हाय ते कसं सांगू? आधी त्याला घेऊ द्या. जळली न्हाय तर मग मी घेतो."

"आणि जळली तर?"

"म्हनून तर दोस्त असत्यात, भाई!"

*

खव्याचं प्रकरण मात्र आमच्यावरच उलटलं.

खवा आटवायचं एक नवीन मशीन आलं होतं. लाकडाच्या भट्टीवरचा खवा आणि मशीनचा खवा यातला फरक लोकांना कळतो का, आणि कळला तर आवडतो कोणता, हे बघायचं होतं. भूमकडच्या एका खवेवाल्याला दोन्ही प्रकार करून पाठवायला सांगितले. वाट्यांवर क आणि ख अशी अक्षरं चिकटवली. कुठली वाटी कसली, ते फक्त कदम सरांना ठाऊक.

शाळेच्या एका खोलीत खाणारी मंडळी जमवली. मिठाईवाले, आचारी, खव्याशिवाय सण न करणाऱ्या बायका. पहिल्याच वाटीवर वाद पेटला.

"ख म्हंजे भट्टीचा. धुराचा वास येतोय बघा."

"छ्या! क मधे रवाळपणा हाय. मशीनला असला रवा जमतच न्हाय."

"मशीनचा खवा मला जिभेवर ठेवल्याबरोबर कळतो," एक आचारी म्हणाला आणि ख ची वाटी सरकवून दिली. "हा खाऊन माझा घसा बसला."

दोन तट पडले. एक आजोबा रागानं उठून गेले. सरांनासुद्धा राहवलं नाही. सगळे गेल्यावर त्यांनी ख चाखला आणि मान हलवली. "मशीन ते मशीनच. जीव नाही त्यात."

तेवढ्यात खवेवाल्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, सांगायचं राहूनच गेलं. काल दिवसभर लाइट नव्हती. मशीन चाललंच न्हाय. एकाच कढईतला खवा दोन डब्यात भरून दिलाय. चालतंय ना?"

सरांनी क ची वाटी ओढली आणि चाखली. मग परत ख चाखला. मग परत क.

"ज्योती," ते म्हणाले, "फरक आहे ग!"

*

लोकांच्या आवडीनिवडी मोजण्यात सरांचं आयुष्य गेलं. ते बायकोबरोबर, म्हणजे आमच्या काकूंबरोबर, मिक्सर घ्यायला गेले, तेव्हाची गोष्ट. दुकानदारानं पाच-सहा मिक्सर मांडले. सरांना वाटलं, काकू लाल मिक्सरकडं बघतायत. म्हणून त्यांनी लाल मिक्सरचं कौतुक सुरू केलं. काकू म्हणाल्या, "घ्या मग तो." घेतला.

दिवाळीला चटणी वाटता वाटता काकू बोलून गेल्या, "मला खरं तर पांढरा पाहिजे होता. तुम्ही लाल लाल करत होता म्हणून गप्प बसले."

"अगं, पण तू बघत होतीस लालकडं!"

"मी त्याच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. उशीर होत होता."

सर दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते थेट माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "मग लाल आवडला कुणाला होता?"

मी म्हटलं, "सर, तटस्थ लिहू का?"

*

आता येडशीचं सांगते.

शेळीच्या गळ्यात बांधायचा एक पट्टा आला होता. त्यात छोटी डबी. शेळी कुठं आहे ते मालकाच्या मोबाइलवर नकाशात दिसतं. चरायची कमी झाली तर मेसेज येतो. येडशीच्या आसपास रामलिंगच्या जंगलाकडं शेळ्या नेणाऱ्या काही घरांना आम्ही तो वापरून बघायला दिला. संदिपान त्यातला एक. चाळिशीचा, कमी बोलणारा, काळ्याभोर शेळ्यांचा मोठा कळप असलेला.

काही दिवसांनी मॅडमचा फोन. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"ज्योती, बाकीच्या शेळ्या माळावर जातात आणि परत येतात. ही संदिपानची शेळी रोज सकाळी रेल्वे स्टेशनवर जाते! तिथंच बसून राहते. चरत नाही. आजारी असल्याचे मेसेज जातायत, तरी मालक डॉक्टरला बोलवत नाही. हे काय वागणं आहे, बघून या."

फोन स्पीकरवर होता. शकीलभाई म्हणाले, "मॅडम, उसकू गाडी पकडनी होगी."

तिघंही गेलो. येडशी स्टेशनवर तेव्हा गाडी नव्हती, माणसंही नव्हती. शेळी तर औषधालाही नाही. पण टॅबवर ठिपका होता, आमच्या अगदी समोर. आम्ही बाकड्यामागं बघितलं, नळाकडं बघितलं. बाकड्यावर एक म्हातारे बसले होते. धोतर, पटका, हातात काठी. रुळांकडं बघत होते.

शकीलभाईंनी माझी बाही ओढली. "ज्योतीताई. शेळी सापडली."

म्हाताऱ्यांच्या सदऱ्याच्या आत पट्टा दिसत होता.

आम्हाला काय करावं तेच कळेना. सर दोनदा खाकरले. तेवढ्यात मोटरसायकलवरून संदिपान आला. कुणीतरी त्याला कळवलं असावं. आला तो हात जोडूनच.

"सायेब, रागावू नका. पट्टा काढून न्हिऊ नका. आमचे आन्ना हायेत हे. ध्यानात राहात न्हाय त्यास्नी. घरातनं निघत्यात अन् कुठंबी जात्यात. मागं जंगलात शिरले व्हते, अख्खं गाव हुडकत व्हतं. बायकू एकटी घाबरती, म्हनून माझं शेळ्यामागं जानं बंद झालतं."

"अहो, पण हा पट्टा शेळीसाठी..." सर म्हणाले.

"शेळ्या कुठं जात्यात ते मला ठावं हाय, सायेब. आन्ना कुठं जात्यात ते ठावं नव्हतं."

सर बाजूला गेले आणि त्यांनी पुण्याला फोन लावला. मॅडमना सगळं सांगितलं. परत आले तेव्हा चष्मा पुसत होते.

"मॅडम म्हणतात, पट्टा राहू द्या. चाचणी वाढवली असं लिहू. पण शेवटचे प्रश्न तेवढे भरून आणा."

संदिपान खाली फरशीवर बसला. मी टॅब उघडला. पट्टा वापरायला सोपा आहे का? "सोपा हाय." कामाला उपयोग झाला का? "लई." मन निर्धास्त झालं का? यावर त्यानं नुसती मान डोलावली. मी पाचपैकी पाच लिहिले.

पुढचा प्रश्न मी वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. पण स्क्रीनवर तो होता आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान येत नाही.

"पट्ट्यामुळं जनावराला त्रास होतो का?"

संदिपाननं मान खाली घातली.

"मला इचार की, बाई," आण्णा म्हणाले. पहिल्यांदाच बोलले ते. "त्याच्या गळ्यात हाय का माझ्या?"

मी उठून त्यांच्याजवळ बाकड्यावर बसले. "टोचतो का, आण्णा?"

"न्हाय. हलका हाय." त्यांनी सदऱ्यात हात घालून ती डबी चाचपली. उजेडाकडं धरून बघितली. मग माझ्याकडं वळले.

"ह्यानं पोराला कळतंय म्या कुठं हाय ते. मला कळंल असलं कायतरी न्हाय का तुमच्याकडं?"