दादाच्या वाट्याचं पाणी

दुपारी अडीचला हे गाव झोपतं. दुकानांची शटरं खाली, कुत्रीसुद्धा गप्प. स्पेनचा दक्षिण किनारा, जिकडे बघावं तिकडे प्लास्टिकखालची शेतं, आणि त्यांच्या मधोमध संस्थेनं मला दिलेली ही खोली. समुद्राचं पाणी गोडं करून टोमॅटोला कसं द्यायचं, ते अभ्यासायला आमच्या विद्यापीठानं मला वर्षभरासाठी पाठवलंय. आठ महिने झालेत. दुपारी झोपणारी बाई म्हणजे आळशी, असं मानणाऱ्या घरातली मी. पण इथे जागं राहून बोलणार कोणाशी? प्रयोगशाळेतली एन्कार्ना जेवायला घरी जाते, तिला नवरा आहे, सासू आहे. मी येऊन पडते. फार एकटं वाटतं, उगाच कशाला लपवू.

उशाशी टेबलावर काठोकाठ भरलेला ग्लास. प्रकल्पाचं, समुद्राचं गोडं केलेलं पाणी. रोज भरते आणि रोज ओतून देते, कारण ते मला घशाखाली उतरत नाही. भलतंच अळणी.

आम्ही दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. विहिरीला पाणी मुबलक, पण खारं. घरात दोन माठ असायचे. एक खाऱ्याचा, आमचा. दुसरा गोड्याचा, पाहुण्यांचा. त्याला घरच्या माणसानं हात लावायचा नाही. गोडं पाणी माझा थोरला भाऊ, प्रल्हाददादा, सात किलोमीटरवरून सायकलवर आणायचा आणि माठात ओतण्याआधी एक ग्लास चोरून काढायचा. अर्धा तो प्यायचा, काठ शर्टाच्या टोकानं पुसायचा आणि अर्धा मला द्यायचा. मला ते तेव्हाही फिकंच लागायचं. त्याला कधी सांगितलं नाही.

या जिभेनं इथे पहिल्याच आठवड्यात माझी शोभा केली. एक नमुना चाखून मी ऐटीत म्हटलं, "गोडं आहे." एन्कार्नानं पाण्यातला खार मोजायचा मीटर बुडवला. तीन पॉइंट चार, म्हणजे चांगलंच खारं. पोटभर हसली बया. तेव्हापासून पेनाएवढा मीटर माझ्या खिशात असतो. कॉलेजात असताना असाच एक मीटर घेऊन मी घरी गेले होते. दादानं विहिरीतून बादली काढली, मी आकडा वाचला, तीन पॉइंट एक. तो म्हणाला, "म्हंजे पास का नापास?"

डोळे जड होतात. पडद्यातून आलेलं ऊन भिंतीवर हलतंय. ग्लासकडे हात न्यावा असं वाटतं, पण हात उचलत नाही.

"काय वं बेबे, दुपारची झोपतं?"

खुर्चीत दादा बसलाय. पँटचा एक पाय दुमडलेला, सायकलच्या चेनीत अडकू नये म्हणून. चार महिन्यांपूर्वी तो गेला. किडन्या गेल्या होत्या, आमच्या भागात बऱ्याच जणांच्या जातात. मला हे सगळं ठाऊक आहे, तरी मी उठून केस नीट करते.

"कसा आलास?"

"आलो. तुहं वावर तं दाखव."

आम्ही टोमॅटोच्या ओळींमधून चालतोय. डोक्यावर प्लास्टिक, अंगाला घाम. दादा वाकून चाचपतो.

"माती कुठी हाय?"

"माती नाही. या पिशव्यांत नारळाचा भुसा असतो."

"बापा! अन् पानी?"

"या नळ्यांतून. थेंब थेंब."

तो एक नळी बोटांत धरून तिच्या मागे मागे जातो, आणि मी त्याच्या मागे. नळी लांबत जाते, भिंतीतून आत जाते, आणि प्लास्टिकच्या जागी ट्यूबलाइट लागलेत. अकोल्यातला दवाखाना. दादा पलंगावर आहे आणि नळी त्याच्या दंडात आहे. शेजारी रेखा वहिनी मोबाइल धरून उभी, आणि मोबाइलमध्ये मी. कपाळावर चष्मा चढवलेली, घाईत.

दादा मोबाइलला म्हणतो, "बेबे, घोटभर पानी देऊ दे नं."

"अजिबात नाही. वहिनी, आजचे ठरवून दिलेले सातशे मिली झालेत ना? देऊ नका म्हणजे नका. मी सांगतेय ना!"

देवा, हा माझा आवाज? तहसीलदार बरा.

"दादा," मी पलंगाशी बसते, "मी फोन ठेवल्यावर वहिनीनं दिलं का रे?"

"नाई."

"चमचाभरसुद्धा?"

"तू नाई म्हनलं होतं नं. पान्यातलं आपल्या घरात तुलेच समजते."

रागावला असता तर बरं झालं असतं. तो साधं सांगतोय. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गेला. तोंडात पाणी घालायलासुद्धा वेळ मिळाला नाही, असं वहिनी फोनवर रडत म्हणाली. मी "बरं" म्हटलं आणि टोमॅटोंकडे गेले. बरं! काय माणूस आहे मी.

"माझं चुकलं, दादा."

"चुकलं कायचं वं? डॉक्टरबी तेच म्हने."

"डॉक्टर म्हणू दे. तू माझ्याकडे मागितलं होतंस."

तो उठून बसतो. पलंग नाही, विहिरीचा काठ आहे, पायांखाली तापलेला दगड. माझ्या हातात उशाजवळचा ग्लास आहे.

"मंग आता दे," तो म्हणतो.

मी देते. तो एक घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. "अळनी हाय वं! हे पेतं तू?"

"नाही पीत."

"अन् मले काहून देतं मंग?" तो हसतो, आजारपणाआधी हसायचा तसा, खांदे हलवून. ग्लासातलं पाणी विहिरीकाठच्या झाडाच्या मुळाशी ओततो, विहिरीत बादली सोडतो, वर ओढतो, ग्लास बुडवून भरतो. मग डोळे मिटून पितो. सावकाश. गळ्याची घाटी वर-खाली होताना मी बघत राहते. कोणी मोजत नाही, कोणी अडवत नाही. अर्ध्यावर थांबतो, काठ शर्टाच्या टोकानं पुसतो.

"अर्धं तुहं."

खाली कुणीतरी शटर वर केलं, त्या आवाजानं मी जागी होते. ऊन भिंतीवरून जमिनीवर आलंय. माझी जीभ टाळूला चिकटलीय, ओठ कोरडे ठाक. म्हणजे मी प्यायलेली नाही.

टेबलावर ग्लास अर्धा आहे.

मी एक घोट घेते. गोड लागतं. आठ महिन्यांत या खोलीतलं पाणी मला पहिल्यांदा गोड लागतं. पण माझ्या जिभेचा काय भरवसा, म्हणून खिशातला मीटर काढून बुडवते. आकडे थरथरतात, चढतात, आमच्या विहिरीच्या आकड्यावर थांबतात.

तीन पॉइंट एक.

मी खाली जमिनीवर बसते आणि माझ्या वाट्याचं अर्धं घोट घोट पिते. रडू येतं, येऊ देते. दादा पाणी पिऊन गेला.