काशिनाथरावांचे दिशायंत्र

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. हरताळामुळे माझगावच्या धक्क्यावरची कामे बंद होती, म्हणून दामूदादा मला आपली लाँच दाखवायला घेऊन गेला. माझा हा थोरला भाऊ कोकणात माल नेणाऱ्या त्या लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, होता. केबिनमध्ये काशिनाथराव जाधव रेडिओचे दिशायंत्र बसवत होते. यंत्राच्या वरची अँटेनाची गोल कडी फिरवायची, किनाऱ्यावरच्या केंद्राचा आवाज जिथे अगदी क्षीण होईल ती त्या केंद्राची दिशा, असे त्यांनी मला शांतपणे समजावले. तीच आमची पहिली ओळख.

त्याच हिवाळ्यात लाँच खडकावर फुटली. वाचलेल्या एका खलाशाने सांगितले की, दिवस मावळताना दादाने यंत्राची दिशा धरली आणि पाण्याची खोली मोजणे थांबवले. दादा सापडलाच नाही.

दहाव्या दिवशी काशिनाथराव वरळी कोळीवाड्यात आमच्या घरी आले. त्यांना कोणी दोष दिलेला नव्हता. ते आईसमोर जमिनीवर बसले.

"आई, यंत्र मी बसवलं. संध्याकाळी रेडिओची दिशा चुकते, हे मला ठाऊक होतं. दामूला सांगायचं राहिलं."

 आई म्हणाली, "आता बाकीच्यान्ला सांग."

पुढची सारी वर्षे ते हेच करीत आले. सुटीच्या दिवशी धक्क्यावर जाऊन त्यांनी तांडेलांना शिकवले. काहींनी ऐकले, काहींनी हसून घालवले. मीही गिरणीतली नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली आलो. चूक झाली तर ते रागावत नसत, पण काम पुन्हा पहिल्यापासून करून घेत.

मग उपग्रहावर चालणारी यंत्रे आली. दोन्हींत चांगले कोणते, हा वाद काशिनाथरावांनी एकाच बोटीवर दोन्ही लावून सोडवला. उपग्रहाचे यंत्र सकाळ-संध्याकाळ सारखेच अचूक ठरले आणि आयुष्यभराचे आपले काम मागे पडल्याचे त्यांनी तिथेच मान्य केले. मात्र बॅटरी उतरली की दोन्ही मुकी होतात, हे सांगून त्यांनी कोणालाही होकायंत्र बोटीवरून काढू दिले नाही.

पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथाला ते तयार नव्हते. दामूची हकीकत ग्रंथात येणार असेल तरच, ही त्यांची अट होती. म्हणून ती लिहिली. आमच्या घरात त्यांच्याविषयी राग नाही. आईने जाण्यापूर्वी त्यांना तसे सांगितले, तेव्हा त्यांनी नुसती मान खाली घातली. काशिनाथरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातला थोडा काळ तरी त्यांनी स्वतःला क्षमा करून जगावा.