कोरडा चाळीस, शिजलेला शंभर

फळ्यावर कागद लागला तेव्हा कालथाबाईचे हात मक्याच्या पिठात होते. तशीच बाहेर आली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. ‘मेक्सिकन राजमा रोल, बिनमांसाचा. तंतू भरपूर. स्निग्ध पदार्थ बेताचे. प्रथिने चौदा ग्रॅम, हवीत अठरा. शेरा : अपुरी. येत्या सोमवारपासून बंद.’

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात ती आठ वर्षं स्वयंपाक करत होती. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं. एरवी बोलताना कालथा हवेत नाचवायची म्हणून ती कालथाबाई. म्हणायला स्वयंपाकीण, पण पाच दिवस बाहेरून सीलबंद डबे येत. ते गरम करून वाटायचे, यात कसला आलाय स्वयंपाक? सोमवार आणि गुरुवार हे दोन दिवस बिनमांसाचे, आणि त्याच दोन दिवशी शेगडी पेटायची. मक्याच्या पोळ्या, त्यात मसाल्यात घोटलेला राजमा, वर कच्चा कांदा, टोमॅटो आणि किसलेलं चीज. मुली त्याला गुंडाळी म्हणत. तीही बंद झाली, तर कालथाबाईनं उरलेलं आयुष्य डब्यांची झाकणं फाडण्यात घालवायचं.

“चौदा कुठून आणलं यांनी?” ती आत येऊन कडाडली.

तिची थोरली नणंद कांदा चिरत होती. दोघी एकाच घरात राहत, एकाच स्वयंपाकघरात राबत, आणि भांडायला दोन्ही जागा पुरत नसत.

“वहिनी, माझ्यावर का ओरडताय? मी काय प्रथिनं चोरून खाल्ली?”

“तुम्ही खाल्ली असतीत तर अंगावर दिसली असती, वन्सं.”

नणंदेनं सुरी ठेवली. “बरं, तुम्ही त्या आहारवाल्या बाईला लिहून काय दिलं होतंत?”

“जे घालते ते. एका ताटाला राजमा चाळीस ग्रॅम.”

“मग बरोबरच की.”

बरोबरच होतं, म्हणून तर डोकं फिरलं होतं. कालथाबाई तडक आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत गेली. बाई वयानं लेकीएवढ्या, स्वभावानं गरीब. त्यांनी संगणक तिच्याकडे वळवला.

“हे बघा मावशी. राजमा, उकडलेला, चाळीस ग्रॅम. साडेतीन ग्रॅम प्रथिनं. पोळ्यांची पाच, चीजची पाच. झाले चौदा.”

“उकडलेला कोणी सांगितला?”

“म्हणजे? कोरडा राजमा कोण खातं?”

“खात नाही हो, मोजतात! भिजवायच्या आधी मोजतात. भिजल्यावर मोजायला मी काय पाणी विकते?”

बाईंनी ‘उकडलेला’ ही ओळ पुन्हा वाचली. राजमा म्हटलं की स्वयंपाकघरात कोरडाच, कारण वजन एकदाच होतं, कोठारात, पोत्यातून काढताना. तिथे कुणी ‘कोरडा’ असा शब्द लिहीत नाही. लिहिलं तर माणसं हसतील. आणि संगणकासमोर बसणारी राजमा बघते तो ताटातलाच. दोघींचा शब्द एकच होता, पण राजमा दोन वेगळे.

“ताट आणते,” कालथाबाई म्हणाली. “काटा काढा.”

तिनं एका ताटाचा शिजलेला राजमा वाटीत आणला. काटा शंभरावर एक ग्रॅम दाखवून थांबला. बाईंनी शंभर टाकले. प्रथिनं जवळजवळ नऊ. पोळ्या आणि चीज धरून एकोणीस.

“पास!” बाईंना खरंच आनंद झाला. “चूक माझीच, मावशी.”

“मग फाडा तो कागद.”

बाई खुर्चीत मागे सरकल्या. कागदावर रेक्टरबाईंची सही झाली होती आणि तो वर गेला होता. वर गेलेला कागद खाली येत नसे. नवा तक्ता करायचा तर एकच वाट : ‘पाककृतीत सुधारणा’ नावाचा अर्ज. त्यात रकाना होता, कोणता घटक वाढवला.

“काहीच वाढवलं नाही,” कालथाबाई म्हणाली.

“रकाना मोकळा ठेवला तर अर्ज घेत नाहीत.”

“मग लिहा, आहारतज्ज्ञ बाईंनी ओळ चुकीची धरली.”

“त्याला रकाना नाही.” बाईंचा आवाज अगदी बारीक झाला. “मावशी, राजमा चाळीसऐवजी शंभर, एवढं लिहून सही करा. ताटात शंभर आहेच ना? खोटं काहीच नाही.”

कालथाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे आठ वर्षं मी पोरींच्या ताटात कमी घातलं, आता पकडल्यावर पुरतं घालते, असं माझ्याच हातानं लिहून देऊ?”

“तसा अर्थ कोणी काढणार नाही.”

“दुसरा कोणता निघतो, तो सांगा.”

बाईंनी अर्ज पुढे सरकवला. कालथाबाई तो घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तिनं तो ओट्यावर आपटला. नणंदेनं तो दोनदा वाचला.

“नका करू सही. जाऊ दे गुंडाळी खड्ड्यात.”

“आणि मग काय, डबे फाडायचे?”

“मग करा.”

“वन्सं, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?”

“मी कांद्याच्या बाजूनं. सोमवारी तो चिरायला मिळाला नाही तर मला घरी बसवतील, आणि घरी दिवसभर आपलं दोघींचं कसं जमणार?”

कालथाबाईला हसूही आलं नाही. तिनं अर्जावर ‘शिजलेला’ असं लिहायला घेतलं, पण रकान्यात फक्त आकडा मावत होता. शेवटी शंभर लिहिलं आणि सही केली, इतकी दाबून की कागद फाटता फाटता राहिला.

सोमवारी नवा तक्ता लागला. प्रथिने एकोणीस, शेरा : समाधानकारक, सुधारित. जेवणाच्या वेळी रेक्टरबाई स्वतः आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “बघा, जरा बोललं की सुधारणा होते की नाही!”

कालथाबाई दात आवळून पोळ्या गुंडाळत राहिली. कोठारातून सकाळी तोच राजमा आला होता, ताटाला चाळीस. पातेलंही तेच होतं आणि मीठही.

शेवटी पहिल्या वर्षाची एक मुलगी दुसरी गुंडाळी मागायला आली. लाडाची, गोड बोलणारी पोर. “मावशी, आता राजमा जास्त घालता ना? लगेच कळतं हो. आधी जरा पोकळच लागायची.”

नणंद फडक्यात तोंड खुपसून खोकायला लागली.

“हो,” कालथाबाई म्हणाली. “गिळ.”